उंदरांच्या गर्भाशयाचा वहिनीला काय उपयोग?

पत्र

ताई, मी वडोदऱ्यात सायन्स फॅकल्टीत पीएचडी करते आहे. चौथं वर्ष चालू आहे. विषय उंदरांमधला: रात्रभर मंद उजेड राहिला तर गर्भ रुजण्यावर परिणाम होतो का? उत्तर आलं, होत नाही. अंधारातल्या आणि उजेडातल्या माद्यांमध्ये काहीच फरक दिसला नाही. गाइड म्हणतात, 'यातून चांगला पेपर होणं अवघड आहे.' त्यातच विभागाच्या अहवालाच्या नव्या नमुन्यात 'संशोधनाचा समाजावरील प्रभाव' असा एक रकाना आलाय, दोनशे शब्दांचा. माझा अजून कोराच आहे.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्या दांडिया बाजारच्या घरी पन्नासेक बायका होत्या. मोठ्या काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, 'एवढी उंदरांची गर्भाशयं कापून बघतेस, मग आपल्या सुनेचं दोनदा का पडलं, ते सांग की!' वहिनी डाळीची वाटी तशीच घेऊन आत गेली. मला एक शब्द सुचला नाही.

अलकापुरीतल्या एका आयव्हीएफ (टेस्टट्यूब बाळाच्या) सेंटरमध्ये ज्युनियर एम्ब्रियॉलॉजिस्टची, म्हणजे भ्रूणतज्ज्ञाची, जागा आहे. पगार फेलोशिपपेक्षा बरा, पण लगेच या म्हणतात. फेलोशिप डिसेंबरला संपते. निदान तिथे एखाद्या बाईच्या हातात मूल तरी येईल. पीएचडी सोडून देऊ का?

– अ., वडोदरा

उत्तर

प्रिय अ.,

पीएचडी सोडू नकोस. नोकरी घे, पण थिसीस जमा झाल्यावर.

विभागाचा तो रकाना आणि तुझ्या मोठ्या काकू विचारताहेत एकच गोष्ट: याचा उपयोग काय? फरक इतकाच की रकाना भरला की विभागाचं काम झालं, काकूंना मात्र खरंच उत्तर हवंय. त्यांनी जागा साफ चुकीची निवडली, पन्नास बायकांत सुनेचं दुःख चव्हाट्यावर आणलं, त्याबद्दल त्यांना कोणीतरी सुनवायला हवंच. पण प्रश्न वावगा नाही. त्याचं माझ्याकडे असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर मुंबईत, परळला घडलेलं आहे.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. गिरणगावातल्या गरीब बायकांना गरोदरपणात एक विचित्र पंडुरोग होत होता. रक्त इतकं उतरायचं की कित्येकजणी बाळंतपणात दगावायच्या. काचपट्टीवर पाहिलं तर लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, म्हणजे नुसती लोहाची कमतरता नव्हे. आधी त्यांनी जंतुसंसर्ग शोधला, तो काही सापडला नाही. मग या बायका जेवतात काय, याची चौकशी केली, आणि तसाच निकृष्ट आहार प्रयोगशाळेतल्या उंदरांना घातला. उंदरांचंही रक्त उतरलं. सगळं जुळून आल्यासारखं वाटलं असणार. पुढे लक्षात आलं की त्या उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि उवांमधून बार्टोनेला नावाच्या जंतूचा संसर्ग पसरला होता. रक्त कमी होण्यामागे आहार किती आणि उवा किती, काही सांगता येईना. तुझ्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये असं काही निघालं तर तू काय करशील, याची मला कल्पना आहे. विल्स यांनी काम माकडांवर नेलं.

माकडांना आणि बायकांना ज्या गोष्टीचा गुण आला ती म्हणजे मार्माइट. यीस्टचा काळा, खारट अर्क, ब्रिटिश मंडळी पावाला लावून खातात तो. आपल्याकडच्या माणसाला वासानेच नको होतं. महागड्या यकृत-अर्काऐवजी हा स्वस्त पदार्थ चालतो, हे त्यांनी १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. त्यात नेमका कोणता घटक काम करतो, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं, त्याचं नाव फॉलिक अ‍ॅसिड. विल्स १९६४ साली वारल्या. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १९९१ मध्ये, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत केलेल्या चाचणीचा निकाल आला: आधीच्या बाळाच्या मेंदूत किंवा मणक्यात जन्मजात दोष होता अशा बायकांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर तो दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. विल्स बाई या दोषाच्या मागे कधी नव्हत्याच. त्या पंडुरोगाच्या मागे होत्या.

आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला १८० दिवस जी लाल गोळी देतात, तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. तुझ्या वहिनीला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांतही फॉलिक असणार, बघ विचारून. ती गोळी तिच्या कपाटात पोचली ती उवा झालेल्या उंदरांच्या वाटेने. काकूंना सांगायचं असेल तर हे सांग. त्यांना परळ माहीत आहे, गिरण्या माहीत आहेत. माझा अनुभव असा की 'मूलभूत संशोधन' म्हटलं की बायकांचे डोळे पेंगुळतात, आणि उवा म्हटलं की सगळ्या सावरून बसतात.

दुसरी गोष्ट न्यूझीलंडची. ती सांगायची कारण तिच्यात प्रभावाची दुसरी, न आवडणारी बाजूही आहे. ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स हे प्रसूतितज्ज्ञ एका साध्या प्रश्नाच्या मागे होते: प्रसूतीची वेळ कोण ठरवतं, आई की बाळ? १९६० च्या दशकात ते मेंढ्यांवर प्रयोग करत होते. पोटातल्या कोकराला स्टिरॉइड दिलं की मेंढी दिवस भरण्याआधीच विते, एवढं त्यांना दिसलं होतं. अशातच एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की ते जगायला नको होतं. ते श्वास घेत होतं. त्याची फुप्फुसं उघडून पाहिली तर काही भाग हवेने फुगलेला होता. एवढ्या लहान कोकराच्या फुप्फुसांत तसं कधी दिसत नाही.

लिगिन्स आपल्या मूळ प्रश्नावरच अडून बसले असते तर हे कोकरू टिपणांत एका ओळीचं धनी झालं असतं. त्यांनी रॉस हॉवी या बालरोगतज्ज्ञाला बरोबर घेतलं, अपुऱ्या दिवसांत बाळंत होऊ घातलेल्या २८२ बायकांवर चाचणी केली आणि १९७२ साली छापलं: आईला आधी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो आणि बाळं कमी दगावतात. मग काय झालं असेल? फारसं काही नाही. छोट्या छोट्या चाचण्या होत राहिल्या, डॉक्टर बिचकत राहिले. १९९० साली सगळ्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र मांडल्यावर चित्र स्पष्ट झालं आणि १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने शिफारस केली. बावीस वर्षं! तेवढ्या काळात वाचू शकली असती अशी किती बाळं गेली, त्याचा हिशेब लिगिन्सच्या माथी मारायचा का? मला नाही वाटत.

आणि ही गोष्ट इथे संपत नाही. हेच इंजेक्शन खेड्यापाड्यांत, छोट्या दवाखान्यांतही द्यावं म्हणून सहा देशांत मोठी चाचणी झाली, त्यात आपलं नागपूर आणि बेळगावही होतं. २०१५ साली निकाल आला: सगळ्यात लहान बाळांना फायदा नाही, आणि एकूण नवजात मृत्यू उलट थोडे वाढले. दिवस नीट मोजता येत नाहीत, बाळाला पुढे सांभाळायची सोय नाही, अशा ठिकाणी तेच औषध उलटू शकतं. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत, चांगली सोय असलेल्या रुग्णालयांत पुन्हा तपासलं. २०२० साली उत्तर आलं की तिथे बाळं वाचतात. म्हणजे कोकराच्या फुप्फुसापासून बेळगावच्या दवाखान्यापर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं गेली, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी आधीच्या माणसाचा आकडा तपासून पाहिला. यातला 'प्रभाव' नेमका कोणत्या वर्षाच्या अहवालात लिहायचा होता, तुझ्या विभागाला विचार.

विभागाचं जाऊ दे. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा संदर्भ देतात तो आकडा, युजीन गारफील्ड यांनी नियतकालिकं तोलायला काढला, माणसं तोलायला नव्हे. एकेका संशोधकाचं काम तसंच तोलणारा एच-इंडेक्स २००५ साली होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. दोन्ही आकडे कामाला येतात, नोकरीच्या अर्जात लागतात, त्यांच्यावर दात-ओठ खाऊन उपयोग नाही. पण तुझ्या वहिनीबद्दल त्यांना काही ठाऊक नाही, एवढं लक्षात ठेव आणि पुढे चल.

आता तुझा निकाल. तू पत्रात 'काहीच फरक दिसला नाही' असं लिहिलंस ते मेलेल्या स्वरात लिहिलंस, म्हणून जरा थांबते.

तू काय पाहिलंस ते मला माहीत आहे, कारण ही पद्धत सगळीकडे एकच आहे. मिलनानंतर मादीच्या योनिमार्गात प्लग, म्हणजे घट्ट बूच, दिसला तो पहिला दिवस धरायचा. पाचव्या दिवशी सकाळी मादीच्या शेपटीतल्या शिरेत निळा रंग सोडायचा, काही मिनिटं थांबायचं. मग गर्भाशय बाहेर काढलं की त्याच्या दोन्ही शिंगांवर, जिथे जिथे गर्भ रुजतोय तिथे तिथे, निळा पट्टा उमटलेला असतो. तेवढ्याच जागेतल्या रक्तवाहिन्या पाझरू लागलेल्या असतात, म्हणून रंग तिथे उतरतो. डोळ्यांना अजून गर्भ दिसतही नसतो, पण पट्टे मोजता येतात. तू ते दोन्ही गटांत मोजलेस आणि सारखे निघाले.

हे बाईच्या बाबतीत कोणालाच पाहता येत नाही. माणसात बीज सुटल्यावर साधारण आठव्या ते दहाव्या दिवशी गर्भ रुजतो, पाळी चुकायच्याही आधी. त्या दिवसांत आत काय चाललंय हे बाईलाही कळत नाही, डॉक्टरलाही नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅलन विल्कॉक्स यांच्या गटाने १९८८ साली बायकांच्या रोजच्या लघवीचे नमुने तपासून दाखवलं की रुजलेल्या गर्भांपैकी ३१ टक्के टिकत नाहीत, आणि त्यातले बरेचसे गरोदरपण कळायच्या आतच जातात. काकूंच्या 'उंदीरच का'चं उत्तर हे आहे: जे बाईत बघता येत नाही आणि बघायला जाऊही नये, ते उंदरीत बघता येतं.

तुझा प्रश्न पोकळ नव्हता. २०१२ साली अमेरिकेत काळ्या सी-५७ जातीच्या उंदरांवर प्रयोग झाला. दिवस-रात्रीचं चक्र वारंवार पुढे ओढलं तेव्हा दिवस भरून विणाऱ्या माद्यांचं प्रमाण सुमारे ९० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलं. चक्र मागे ढकललं तेव्हा ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिलं. तू चक्र हलवलं नाहीस, रात्रीचा अंधार फक्त थोडा पातळ केलास. मग फरक दिसला नाही, हे सांगण्यासारखं नाही का? रात्रपाळीच्या नर्सला घड्याळ उलटंपालटं होण्याची काळजी जास्त की रात्री जळणाऱ्या दिव्याची, या वादात तुझा आकडा एका बाजूच्या पारड्यात पडतो. एकट्याने तो वाद मिटवत नाही, उंदरांवरून नर्सला सल्ला देता येत नाही, पण पडतो.

एक मात्र विचारते. तुझे उंदीर कोणत्या जातीचे? प्रयोगशाळेतल्या कित्येक जातींचे उंदीर मेलाटोनिन, म्हणजे अंधारात शरीरात तयार होणारं संप्रेरक, जवळपास तयारच करत नाहीत, सी-५७ तर त्यासाठी प्रसिद्ध आहे. तुझी मूळ कल्पना 'उजेडाने मेलाटोनिन घटतं आणि म्हणून गर्भ रुजत नाही' अशी असेल आणि उंदीर ते बनवतच नसतील, तर तुझ्या 'फरक नाही'चा अर्थ बदलतो. हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण थिसीसच्या चर्चेत ते आपणहून, सरळ लिही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक तिथेच बोट ठेवणार.

'फरक नाही' या निकालाला किंमत नसते असं जे वातावरण आहे, त्याची किंमत बायकांनीच मोजलेली आहे. डाय-इथिल-स्टिलबेस्ट्रॉल, डीईएस, हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत लाखो गरोदर बायकांना दिलं गेलं. १९५३ साली शिकागोच्या चाचणीने दाखवलं की त्याचा काही उपयोग होत नाही. किती साधा निकाल: औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत फरक नाही. पण तो कोणी मनावर घेतला नाही, डॉक्टर लिहून देत राहिले. १९७१ साली त्या बायकांच्या वयात आलेल्या मुलींमध्ये योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग सापडला, तेव्हा कुठे हात आवरले. म्हणून गाइडना म्हण, मोठं नियतकालिक नको, पण हे छापायचं आहे. नकारात्मक निकाल घेणारी, पद्धत तपासून छापणारी बरी नियतकालिकं आता आहेत. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस, तिथे छापण्यापेक्षा न छापलेलं परवडलं.

आणि वह्या. डॉक्टर सुभाष मुखर्जी यांचं नाव तू ऐकलं असशील. कोलकात्यात त्यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी टेस्टट्यूब बाळ जन्मलं, जगातलं पहिलं इंग्लंडमध्ये जन्मल्यानंतर जेमतेम सत्तर दिवसांनी. गर्भ गोठवून ठेवून नंतर गर्भाशयात सोडायची पद्धत त्यांनी वापरली होती. सरकारी चौकशी समितीने त्यांना खोटं ठरवलं, त्यांची भलतीकडे बदली झाली, १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवलं. भारतातलं पहिलं टेस्टट्यूब बाळ म्हणून मान मिळाला तो १९८६ साली मुंबईत, केईएममध्ये जन्मलेल्या मुलीला. त्या कामात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्याबरोबर होते शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार. याच आनंद कुमारांच्या हाती पुढे मुखर्जींची हस्तलिखित टिपणं पडली. त्यांनी ती वाचली आणि १९९७ साली जाहीरपणे लिहिलं की पहिला मान मुखर्जींचा. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणारी माणसं विज्ञानात फार नसतात, पण मला इथे दुसरंच दाखवायचंय. टिपणं नसती तर आनंद कुमारांच्या मोठेपणालाही काही करता आलं नसतं. तेव्हा तुझ्या वह्या, स्लाइडचे डबे, किती माद्या, कोणत्या दिवशी, खोलीतला उजेड किती, यंत्राची नोंद, सगळं ज्याला तू कधी भेटणार नाहीस अशा माणसाला कळेल असं लावून ठेव. पेन्सिलीने लिहिलेली लेबलं पुसली जात असतील तर आत्ताच बघ.

आता वहिनी. तिच्याशी बोल, पण काकूंच्या वतीने माफी मागायला जाऊ नकोस आणि शास्त्र सांगायलाही नको. एकटी गाठ, सुरसागरच्या काठाने फिरायला ने, किंवा घरात बायका नसतील तेव्हा जा. तिने विचारलं तर दोन गोष्टी सांगण्याइतकं शास्त्र तुझ्याकडे आहे. एक, सुरुवातीच्या महिन्यांतले साधारण निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या गडबडीमुळे होतात. पपई, पाण्याची बादली, स्कूटर, ग्रहण, यांतल्या कशामुळेही तिचं पडलेलं नाही. आपल्या घरांत हे तोंडाने कोणी म्हणत नाही, पण सुनेच्या डोक्यात मात्र ते दिवसरात्र फिरत असतं. दुसरं, पूर्वी तीनदा झाल्यावर तपासण्या करत. युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्था आता दोनदा झाल्यावरच करा म्हणतात: थायरॉइड, साखर, गर्भाशयाचा आकार आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, म्हणजे रक्तात गुठळ्या करू शकणारी प्रतिपिंडं. शेवटची सापडली तर तिच्यावर इलाज आहे. तिने या तपासण्या केल्या नसतील तर चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे तिच्याबरोबर जा, आधीचे सगळे रिपोर्ट तारीखवार एका फाइलमध्ये लाव. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले रिपोर्ट डॉक्टर वाचत नाहीत, चाळतात. फाइल लावून दिलीस तरी पुष्कळ झालं. औषध तू सुचवू नकोस, गर्भ टिकवायला मदत करणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचंही नाही. २०१९ सालच्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत त्याचा फायदा सरसकट सगळ्यांना दिसला नाही, मुख्यतः आधी गर्भपात झालेल्या आणि या वेळी रक्तस्राव सुरू झालेल्या बायकांत दिसला. ते कोणाला द्यायचं, हे डॉक्टर ठरवतील.

आणि सगळ्यांसमोर विचारलं गेलं तेव्हा तुला उत्तर सुचलं नाही, याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. तिथे उत्तर द्यायचंच नव्हतं. 'काकू, हे इथे नको' एवढं पुढच्या वेळी म्हण. मोठ्या आवाजात म्हण.

अलकापुरीच्या जागेबद्दल. ती कमी दर्जाची आहे असं मी मुळीच म्हणत नाही. १९७८ च्या त्या पहिल्या बाळाचा गर्भ विभागताना सर्वांत आधी पाहिला तो जीन पर्डी यांनी. त्या मूळच्या नर्स, पुढे भ्रूणतज्ज्ञ झाल्या, आणि त्यांचं नाव रुग्णालयाच्या फलकावर यायला २०१५ उजाडलं. हे काम हाताचं, नजरेचं आणि संयमाचं आहे. पण 'निदान बाईच्या हातात मूल तरी येईल' या आशेवर जाऊ नकोस. आयव्हीएफचे बरेचसे प्रयत्न निष्फळ जातात, आणि गर्भ डिशमध्ये सुरेख वाढूनही गर्भाशयात रुजत नाही, तेव्हा बाहेर बसलेल्या जोडप्याला सांगायला तुझ्याकडे काही नसेल. तिथे तुला हाच प्रश्न पुन्हा भेटेल, ज्यावर तू चार वर्षं बसली आहेस. आणि रुजू होशील तेव्हा कल्चर मीडियाच्या, म्हणजे ज्या द्रवात गर्भ वाढवतात त्याच्या, बाटलीचं लेबल वाच. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं दिसेल की या द्रवात उंदरांचे गर्भ वाढवून पाहिले आहेत. ते वाढले नाहीत तर तो माल बायकांसाठी विकलाच जात नाही.

चार वर्षांचं काम आठ महिन्यांसाठी टाकू नये, हा साधा व्यवहारही आहे. एम्ब्रियॉलॉजीत पुढे पीएचडीवाल्यालाच लॅबची जबाबदारी मिळण्याची शक्यता जास्त, आणि बडोद्यात, आणंदला, अहमदाबादला सेंटरांची वाण नाही. घरी पैशाची ओढाताण असेल, तू तसं लिहिलं नाहीस पण असू शकते, तर गाइडना विचारून शनिवार-रविवारचं काहीतरी बघ. तेही जमणार नसेल तर मला पुन्हा लिही, मग वेगळा विचार करू.

रकान्यात काय लिहायचं ते आता तुला कळलं असेल. दोनशे शब्दांची गरज नाही. प्रश्न काय होता, कोणत्या जातीच्या किती माद्या घेतल्या, पट्टे सारखे निघाले, यावरून काय म्हणता येतं आणि काय नाही, आणि मूळ नोंदी कुठे ठेवल्या आहेत. 'वंध्यत्वाच्या समस्येवर क्रांतिकारी' वगैरे काही लिहिलंस तर मी तुझ्या विभागात येऊन खोडीन.

सेंटरला या आठवड्यातच फोन कर. डिसेंबरअखेर थिसीस जमा करते, जानेवारीत येते, असं स्पष्ट सांग. ते थांबायला तयार असतील तर तीन गोष्टी विचारून घे: नव्या कायद्याखाली, म्हणजे अशा सेंटरांसाठीच्या २०२१ च्या एआरटी अ‍ॅक्टखाली, त्यांची नोंदणी आहे ना, पहिले सहा महिने हाताखाली शिकवणारं सीनियर कोण, आणि बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही असा करार, आहे का. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतो म्हणाले तर नाही म्हण. बॉण्डचा कागद पुढे केला तर सही करण्याआधी घरी घेऊन ये आणि एखाद्या वकिलाला दाखव. कोर्टात ओळखीचं कोणी ना कोणी निघेलच.

– तुझी ताई